वॉटर-बेस्ड पॉलियुरेथेन फिल्म : दोष रेझिनमध्ये की वाळवणात?

नमस्कार भाऊ,

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तर कशाचे चालले आहे ते कळेल. जळगाव एमआयडीसीत आपली लहान कोटिंग लाइन आहे, रुंदी १.४ मीटर, ओव्हन १२ मीटर लांबीचा आणि दोन झोनचा, वेग मिनिटाला ५ मीटर. ३५ टक्के घनांशाचे (म्हणजे वाळल्यावर तेवढेच मागे उरणारे) ॲनायनिक, म्हणजे ऋण प्रभाराचे, ॲलिफॅटिक पॉलियुरेथेन डिस्पर्शन, म्हणजे पाण्यात पसरलेले पॉलियुरेथेन रेझिनचे बारीक कण, आपण रिलीज पेपरवर (फिल्म सहज सुटावी असा लेप दिलेल्या कागदावर) नाइफने, म्हणजे सारखा थर ओढणाऱ्या पात्याने, १५० मायक्रॉन ओले ओढता, सुकवता, आणि निघालेली पातळ फिल्म गाद्यांच्या वॉटरप्रूफ खोळी व ॲप्रन शिवणाऱ्यांना देता. तक्रारी चार आहेत. फिल्मला बारीक छिद्रे पडतात. पाण्यात ठेवली की ती पांढरी पडून फुगते. मे महिन्यात रोलचे थर एकमेकांना चिकटतात. आणि घडीच्या जागी काही दिवसांनी पांढरी रेघ उमटून तिथूनच फाटते. सप्लायर महागडा ग्रेड घ्या म्हणतो आहे, आणि तो घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की, अजून घेऊ नका. धुळे आणि जळगाव मिळून बावीस वर्षे मी याच कामात आहे, आणि माझ्याकडे ‘रेझिन खराब निघाले’ म्हणून आलेल्या तक्रारींपैकी फार थोड्या खरोखर रेझिनच्या निघाल्या. आपण सांगितलेल्या चारपैकी तीन तरी दोष पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर तयार झालेले दिसतात. चौथ्यात रेझिनच्या निवडीचा प्रश्न असू शकतो, पण तेही वाळवण सुधारल्यानंतरच कळेल.

ड्रममध्ये जे असते ती अजून फिल्म नसते, हे मी प्रत्येक नव्या ऑपरेटरला पहिल्याच दिवशी सांगतो. पॉलियुरेथेन पाण्यात विरघळत नाही. त्याच्या साखळीत डायमिथायलॉल प्रोपिऑनिक ॲसिडचे थोडे भाग गुंफलेले असतात; त्यांच्या आम्लगटांना ट्रायइथाइल अमाइनसारख्या अमाइनने उदासीन केले की साखळीवर ऋण प्रभार येतो, आणि साधारणपणे ५० ते २०० नॅनोमीटर व्यासाचे कण एकमेकांना दूर ढकलत पाण्यात पसरून राहतात. साखळ्या लांब करण्याचे रासायनिक काम सप्लायरच्या रिॲक्टरमध्ये जवळजवळ पूर्ण झालेले असते. आपल्या ओव्हनमध्ये व्हायचे असते ते त्या कोट्यवधी सुट्या कणांना एकजीव करण्याचे काम, आणि ते तीन टप्प्यांत होते. पाणी उडते तसे कण दाटीने जवळ येतात. मग ते दाबले जाऊन मधमाशीच्या पोळ्यातल्या घरांसारखे एकमेकांना चिकटून बसतात. आणि शेवटी एका कणातील साखळ्यांची टोके शेजारच्या कणात शिरतात व मधली शीव पुसली जाते.

फसगत होते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मध्ये. दुसऱ्या टप्प्यावर थांबलेली फिल्म डोळ्यांना काचेसारखी स्वच्छ दिसते, हाताला कोरडी लागते, पेपरवरून सहज सुटते, आणि म्हणून ती तयार झाली असे आपण धरून चालतो. परंतु तिच्यात कणाकणांमधल्या शिवा तशाच असतात. पाणी त्याच शिवांतून आत शिरते, म्हणून फिल्म पांढरी पडते; आणि घडीवर ताण आला की ती त्याच शिवांवर उसवते. आपली दुसरी आणि चौथी तक्रार मला एकाच आईची लेकरे वाटतात.

आता थोडा हिशेब करू, कारण या धंद्यात हिशेब न करता ओव्हनचे तापमान ठरवणारे फार आहेत. १५० मायक्रॉन ओल्या थराचे वजन दर चौरस मीटरला साधारण १५७ ग्रॅम भरते. त्यातले ३५ टक्के, म्हणजे सुमारे ५५ ग्रॅम पॉलिमर मागे राहतो आणि सुमारे ५० मायक्रॉनची फिल्म मिळते. उरलेले जवळपास १०२ ग्रॅम पाणी उडवायचे असते. १.४ मीटर रुंदी आणि मिनिटाला ५ मीटर वेग धरला तर दर मिनिटाला सुमारे ७०० ग्रॅम पाणी होते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात; टोल्युइन या नेहमीच्या सॉल्व्हंटच्या (द्रावकाच्या) मानाने ही उष्णता सहापट आहे. म्हणजे नुसती वाफ करण्यासाठी आपल्या ओव्हनने २७ किलोवॅट उष्णता ओल्या थरापर्यंत पोहोचवली पाहिजे. पेपर तापवणे आणि चिमणीतून जाणारी गरम हवा यांचा खर्च वेगळा. आणि हे सारे १२ मीटरच्या ओव्हनमध्ये दोन मिनिटे चोवीस सेकंदांत. आपली लाइन मुळात सॉल्व्हंटच्या मालासाठी बांधलेली असावी असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर तिच्याकडून आपण नकळत भलतीच अपेक्षा करीत आहात.

अशा वेळी माणूस काय करतो? पहिल्याच झोनचे तापमान १२० वर नेतो. तिथेच छिद्रांचा जन्म होतो. आपल्याकडे चैत्रात घरोघरी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालतात. ओल्या फडक्यावर थापलेली बिबडी पातळ असेल तर सरळ वाळते. जाड थापली गेली तर वरून कडक होते, कडा उचलते आणि मधोमध ओली राहते, म्हणून आई ती दुपारून उलटून टाकते. रिलीज पेपरवरची फिल्म उलटण्याची सोय नाही. वरचा थर आधी मिटला की खालचे पाणी अडकते, पुढे गरम होऊन वाफ होते आणि मिटलेल्या सायीला फोडून बाहेर येते. हेच आपले छिद्र. वाफेला फोडता आले नाही तर आत बुडबुडा राहतो, आणि तो घडीवर फुटतो.

म्हणून पहिल्या झोनमध्ये तापमान कमी आणि हवा भरपूर हवी. ६० ते ७० अंश सेल्सिअस पुरेसे आहे, पण हवा बदलती पाहिजे. ओव्हनमधली ओली हवा बाहेर न काढता तीच फिरवत राहिलात तर तापमान वाढवूनही पाणी हवे तसे उडणार नाही. एक्झॉस्टचा डॅम्पर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेची झडप, वीज वाचवण्यासाठी अर्धा बंद ठेवलेला मी कितीतरी ठिकाणी पाहिला आहे. दुसऱ्या झोनमध्ये १३० ते १४० अंश ठेवा, आणि पॅनलवरच्या आकड्यावर विसंबू नका. पाणी उडत असेपर्यंत फिल्म स्वतः बरीच थंड राहते. हवा १२० अंशांची आणि फिल्म ६० अंशांची, असे चित्र नेहमीचे असते. साधा इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन ओव्हनच्या तोंडाशी बाहेर पडणाऱ्या फिल्मचे तापमान मोजा. ते ११० अंशांच्या आत असेल तर तिसरा टप्पा पूर्ण झाला असे मी मानत नाही. सप्लायरच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो प्रमाण धरा.

दोनच झोन असताना यापेक्षा मोठा उपाय म्हणजे एकाऐवजी दोन कोट. ७५ मायक्रॉनचे दोन ओले थर, एकावर एक. थराच्या आतून पाणी वर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी निम्मी केली की तो वेळ चौथ्या हिश्शावर येतो. शिवाय पहिल्या थरात एखादे छिद्र राहिलेच, तर दुसऱ्या थरातले छिद्र नेमके त्याच्यावर येण्याची शक्यता नगण्य असते. पहिला थर कोरडा करा, पण पूर्ण भाजू नका. पूर्ण भाजलेल्या थरावर दुसरा नीट धरत नाही आणि पुढे धुण्यात पापुद्रे सुटतात. भाजण्याचे काम दुसऱ्या फेरीत दोघांचे मिळून करा. उत्पादन घटेल, हे खरे आहे. परत आलेल्या रोलचा हिशेब त्याच्या शेजारी मांडून पाहा.

सगळी छिद्रे वाफेचीच असतात असे मात्र नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग विकत घ्या आणि छिद्राकडे नीट पाहा. कडा सपाट, मधे आरपार भोक, तर तो फुटलेला बुडबुडा. वाफेचा किंवा फेसाचा. कडेला उंचवटा, मधे खळगा, आणि खळग्याच्या तळाशी बारीकसा ठिपका, तर ते क्रेटर. तेलाचा किंवा सिलिकॉनचा कण तिथे पडला आणि ओला थर त्याच्यापासून दूर सरकला, असा त्याचा अर्थ आहे. कॉम्प्रेसरच्या हवेतले तेल, शेजारच्या मशीनवर मारलेला सिलिकॉन स्प्रे, आणि गंमत म्हणजे फेस मारण्यासाठी आपणच ओतलेला डीफोमर, हे तिघे नेहमीचे आरोपी. डीफोमर ०.१ ते ०.३ टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. फेस होऊ न देणे स्वस्त पडते: स्टररचे पाते पृष्ठभागाच्या बरेच खाली ठेवा, मधे भोवरा पडेल इतका वेग देऊ नका, पंपाची नळी वरून धार न सोडता मालात बुडवलेली असू द्या, कालवलेला माल झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी बारीक नायलॉनच्या जाळीतून गाळून घ्या.

काही ठिकाणी थर पेपरवर पसरतच नाही, थेंब थेंब होऊन गोळा होतो. पावसात केळीच्या बागेत गेलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पाणी पानावर टिकत नाही, मोत्यासारखे घरंगळते. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर आणि सिलिकॉनच्या रिलीज पेपरची पृष्ठऊर्जा विशीच्या घरातली, मग दोघांचे जमणार कसे? वेटिंग एजंट, म्हणजे पृष्ठताण उतरवणारे रसायन, ०.२ ते ०.५ टक्के घालून हे जमवता येते. परंतु तो उडून जात नाही, फिल्ममध्ये राहतो आणि पुढे पाणी ओढतो. म्हणून आधी पेपर बदलून पाहावा. पॉलिप्रोपिलीनचा थर असलेल्या पेपरवर हा त्रास बराच कमी होतो. घट्टपणासाठी असोसिएटिव्ह जातीचा (कणांना सैल जाळ्यात धरून माल घट्ट करणारा) पॉलियुरेथेन थिकनर वापरावा, आणि तो आधी पाण्यात पातळ करूनच टाकावा.

पाण्याने पांढरे पडण्याबद्दल माझी एक साधी परीक्षा आहे, तिला काहीच खर्च नाही. एकाच रोलमधून दहा बाय दहा सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. एक जसाच्या तसा ठेवा. दुसरा लॅबच्या ओव्हनमध्ये १४० अंशांना पाच मिनिटे पुन्हा भाजा. थंड झाल्यावर दोघांची वजने घ्या आणि दोन्ही तुकडे चोवीस तास साध्या पाण्यात बुडवून ठेवा. बाहेर काढून टिपकागदाने टिपा आणि लगेच पुन्हा वजन करा. समजा न भाजलेल्या तुकड्याने स्वतःच्या वजनाच्या वीस टक्के पाणी प्याले आणि भाजलेल्याने सात, तर दोष आपल्या ओव्हनचा आहे आणि नवा ग्रेड आणूनही तो जाणार नाही. दोघांनी सारखेच पाणी प्याले तर दोष मालाच्या घडणीत आहे. या कामासाठी दहा टक्क्यांच्या आतली फिल्म मी स्वीकारतो.

भाजण्याने फरक पडतो त्याचे आणखी एक कारण अमाइन आहे. ट्रायइथाइल अमाइन ८९ अंशांना उकळते, पण फिल्ममध्ये ते मोकळे नसते, आम्लगटाशी मीठ होऊन बसलेले असते. त्याला सुटून जायला त्याहून जास्त तापमान आणि वेळ द्यावा लागतो. ते गेले नाही तर फिल्ममध्ये पाण्याची ओढ असलेली क्षारांची ठाणी शिल्लक राहतात. कॉस्टिक सोड्याने उदासीन केलेल्या मालात तर सोडियम कायमचाच राहतो. असा माल खोळींसाठी घेऊ नये.

पाण्याचा विषय निघाला आहे तर आपल्या बोअरवेलबद्दलही बोलले पाहिजे. धुळ्याला नवा असताना मी एका संध्याकाळी घट्ट वाटलेला अर्धा ड्रम माल बोअरच्या पाण्याने पातळ केला. सकाळी झाकण उघडले तर वर निळसर पाणी आणि खाली फाटलेल्या दुधासारखा चोथा. मालकांनी मला काही म्हटले नाही, फक्त तो चोथा बादलीने उपसायला लावला. कारण सोपे होते. पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा प्रत्येक आयन दोन-दोन आम्लगटांना धरून बसतो, कणांमधला दूर ढकलण्याचा जोर संपतो आणि ते गोळा होतात. चोथा होण्याइतका क्षार नसला तरी बारीक गुठळ्या होतात आणि त्या नाइफखाली अडकून फिल्मवर रेघा ओढतात. आरओचे किंवा डीएम (क्षार काढलेले) पाणी वापरा, आणि त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, आठवड्याला तपासा. (पाण्याचाही टीडीएस, सप्लायरच्या माहितीपत्रकालाही टीडीएस आणि आयकरातही टीडीएस, त्यामुळे आमच्या अकाउंटंटची एकदा मोठी पंचाईत झाली होती.) मालाचा पीएच ८ ते ८.५ राहू द्या; ७ च्या खाली गेला तरी हाच चोथा होतो. लोखंडी भांडे टाळा. कॅटायनिक, म्हणजे धन प्रभाराचा, माल शेजारच्या रॅकवरसुद्धा ठेवू नका. एखादा मग चुकून इकडचा तिकडे गेला की दोन्ही ड्रम गेले.

पांढरे पडणे कमी करण्यासाठी क्रॉसलिंकर, म्हणजे साखळ्या एकमेकींना बांधणारे रसायन, घालावा का? घालावा, पण वाळवण सुधारल्यानंतर. कणांच्या शिवा पुसल्या जाण्याआधीच क्रॉसलिंकिंग झाले तर त्या शिवा जागच्या जागी गोठतात आणि फिल्म कडक होऊनही कमजोर राहते. तीन प्रकार बाजारात सहज मिळतात. पॉलिॲझिरिडिन झपाट्याने काम करतो, पण तो त्वचेला ॲलर्जी आणणारा आणि हाताळायला घातक आहे. ज्या फिल्मवर लहान मूल झोपणार आहे तिच्यात मी तो घालत नाही, आणि कामगारांच्या हातीही देत नाही. पाण्यात मिसळणारा आयसोसायनेट ३ ते ५ टक्के घातला तर पक्केपणा उत्तम येतो. मात्र त्याचा काही भाग पाण्याशीच जुळून कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे जाड थरात आपण पुन्हा छिद्रांकडे. त्याहून वाईट म्हणजे त्याची मुदत संपल्याचे भांड्यात दिसत नाही. सॉल्व्हंटचा माल घट्ट होऊन इशारा देतो, हा चार-पाच तासांनंतरही तसाच पातळ दिसतो आणि फिल्म मात्र कच्ची निघते. आपल्या मे महिन्यात मी ती मुदत निम्मीच धरतो. आपल्या कामाला कार्बोडायइमाइड बरा, २ ते ५ टक्के. अमाइन उडून गेल्यावर मोकळ्या झालेल्या आम्लगटांना तो बांधतो, म्हणजे पाण्याची ओढ असलेल्या जागाच बुजवतो. तपासणी कालवल्यापासून सात दिवसांनी करा, दुसऱ्या दिवशी नको. तुकडा ॲसिटोनमध्ये बुडवला असता फुगून अखंड राहिला तर क्रॉसलिंकिंग झाले आहे. चिकट होऊन विरला तर झालेले नाही.

मे महिन्यातला चिकटपणा आपल्याकडचा खास आहे. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ४५ अंशांच्या पुढे पारा जातो, आणि मऊ ग्रेडची फिल्म स्वतःच्या वजनाखाली दबून शेजारच्या थराशी एकजीव व्हायला लागते. ओव्हनमध्ये जे घडायला हवे होते ते गोडाऊनमध्ये घडते, असे म्हणा. आधी गुंडाळताना फिल्म किती गरम आहे ते पाहा. ओव्हन आणि वाइंडरच्या (फिल्म गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) मधे थंड पाण्याचा रोल हवा, आणि गुंडाळताना फिल्म ३५ अंशांच्या वर नको. आपल्या कूलिंग रोलमध्ये छतावरच्या टाकीचे पाणी फिरत असेल तर मे महिन्यात तो कूलिंग रोल राहिलेला नाही. चिलर घ्या, निदान टाकी सावलीत आणा. वाइंडिंगचा ताण कमी करा, रोल एकावर एक न रचता दांड्यावर टांगून ठेवा. फिल्ममध्ये उशिरा उडणारा सॉल्व्हंट राहिला तरीही चिकटपणा येतो. काही जुन्या ग्रेडमध्ये एनएमपी (एन-मिथाइल पायरोलिडोन हा सॉल्व्हंट) असतो, तो २०२ अंशांना उकळतो आणि फिल्ममध्ये दडून बसतो. प्रजननाला घातक म्हणून युरोपीय संघात २०२० पासून त्याच्यावर कडक निर्बंध आहेत, तेव्हा एनएमपी नसलेलाच माल मागा. एवढे करूनही चिकटत असेल तर वरून ५ ते ८ मायक्रॉनचा कडक ग्रेडचा पातळ थर द्या, त्यात मॅटिंग सिलिका (पृष्ठभाग किंचित खरखरीत करणारी भुकटी) १ ते २ टक्के. टाल्क पावडर भुरभुरण्याचा सल्ला आपल्याला कोणी देईल. पुढे लॅमिनेशन धरत नाही, म्हणून ऐकू नका.

उन्हाळ्याची आणखी एक गंमत नाइफपाशी दिसते. एप्रिल-मे महिन्यांत खान्देशातली दुपारची हवा इतकी कोरडी असते की नाइफमागे साचलेल्या मालावर ओव्हनपर्यंत पोहोचण्याआधीच साय धरते. कडेला वाळलेले पापुद्रे सुटून मालात पडतात आणि त्यांच्या रेघा फिल्मभर जातात. कडेच्या तक्त्यांवर ओले सुती कापड ठेवा, साठा झाका, आणि मालात प्रोपिलीन ग्लायकॉल २ टक्क्यांपर्यंत घाला. तो आधी तितक्याच पाण्यात मिसळून, बारीक धारेने. आम्ही तर मे महिन्यात कोटिंगची पाळी पहाटे पाचलाच लावतो आणि अकराला नाइफ धुतो. पावसाळ्यात उलट होते, हवा आधीच ओली असल्याने वेग थोडा कमी करावा लागतो. ड्रम ५ ते ३५ अंशांत ठेवायचे असतात. उन्हात उभ्या ट्रकमधून आलेला माल गाळल्याशिवाय आणि पीएच पाहिल्याशिवाय उतरवून घेऊ नका.

राहिली घडीची रेघ. भाजलेल्या तुकड्यावर घडी घालून, वर एक किलोचे वजन ठेवून, आठवडाभराने पाहा. रेघ उमटली नाही तर प्रश्न सुटला. उमटलीच तर आता रेझिनकडे वळायला हरकत नाही, आणि सप्लायरला ‘चांगला ग्रेड द्या’ असे मोघम न म्हणता दोन गोष्टी विचारा. पहिली, १०० टक्के ताणावरचे मॉड्युलस, म्हणजे फिल्म दुप्पट लांब ताणायला लागणारा जोर, किती. खोळीसाठी २ ते ४ मेगापास्कल आणि तुटेपर्यंतचा ताण ५०० टक्क्यांच्या वर असावा. ८ किंवा १० मेगापास्कलचा ग्रेड बुटाच्या कामाचा, तो घडीवर त्रास देणारच. मऊ आणि कडक असे दोन ॲनायनिक ग्रेड ७० ला ३० या प्रमाणात मिसळून मधले मॉड्युलस मिळवता येते आणि ते स्वस्तही पडते. दुसरी, आतला पॉलिओल, म्हणजे साखळीचा मऊ भाग ज्यापासून बनतो तो कच्चा माल, कोणता. पॉलिएस्टरचा माल बळकट आणि स्वस्त, पण घाम, गरम पाणी आणि दमट गोडाऊन यांत त्याच्या साखळ्या हळूहळू तुटतात. आज छान असलेली फिल्म दोन पावसाळ्यांनी हातात भुगा होते. खोळ तर पुन्हा पुन्हा धुतली जाणार. तिथे पॉलिइथर घ्या, त्यातही पीटीएमजी नावाच्या जातीचा असेल तर उत्तम. पॉलिकार्बोनेट दोन्ही बाबतीत सरस आहे, पण गादीच्या खोळीला तो भाव परवडेल असे मला वाटत नाही.

ताणाची चाचणी बाहेरून करून घेताना पातळ फिल्मसाठीची एएसटीएम डी ८८२ ही प्रमाणित चाचणीपद्धत मागा, आणि लांबीच्या व रुंदीच्या दोन्ही दिशांनी तुकडे द्या. छिद्रांसाठी मात्र प्रयोगशाळेची गरज नाही. जळगावात पाइपला तोटा नाही. दीड मीटरची पारदर्शक नळी घ्या, खालच्या तोंडाला फिल्म ताणून क्लिपने आवळा, खाली पांढरा कागद ठेवा आणि नळीत निळी घातलेले पाणी एक मीटरपर्यंत भरा. म्हणजे फिल्मवर १००० मिलिमीटर पाण्याचा दाब आला. अर्धा तास थांबा. कागदावर निळा ठिपका पडला तर तो रोल पाठवू नका. प्रत्येक रोलच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन तुकडे घ्या, कारण छिद्रे बहुधा लाइन थांबून पुन्हा सुरू झालेल्या जागी जास्त असतात.

आधी फक्त पहिल्या झोनचे तापमान उतरवून आणि एक्झॉस्ट पूर्ण उघडून एक रोल काढा, दुसरे काहीही बदलू नका. त्यातले दोन तुकडे, एक भाजलेला आणि एक न भाजलेला, चोवीस तास भिजवून चारही वजने मला कळवा. दोन कोट लावायचे की नाही, ते त्या आकड्यांवरून सांगेन.